धुळ्याचं पान दुपारी तीनला

जळगावच्या ज्या दैनिकात मी नोकरी केली, त्याचं मशीन म्हातारं होतं आणि मालक त्याहून म्हातारे. सगळा अंक एका दमात छापणं त्या मशीनला झेपत नसे, म्हणून आतली पानं दुपारीच छापून घ्यायची. धुळे जिल्ह्यात जाणाऱ्या अंकात एक आतलं पान वेगळं असायचं आणि ते माझ्याकडे होतं. ते तीनच्या ठोक्याला छपाईला सोडावं लागे. जळगावच्या अंकात त्याच जागी जे पान जाई, ते मात्र रात्री आठपर्यंत उघडं असे. त्यामुळे संध्याकाळी पाचला होणारा कार्यक्रम जळगावकरांना झाला तसा वाचायला मिळायचा, आणि धुळेकरांना मी दुपारी जेवण झाल्यावर लिहिला असेल तसा.

आम्ही याला लबाडी म्हणत नव्हतो. आमचा शब्द होता ‘आगाऊ कॉपी’. निमंत्रणपत्रिका समोर ठेवायची, पाहुणा कोण, अध्यक्ष कोण ते बघायचं, की झाला कार्यक्रम. मान्यवरांच्या हस्ते दीपप्रज्वलन, सभागृह खचाखच भरलेलं, पाहुण्यांचं मोलाचं मार्गदर्शन. एकदा मी एका पाहुण्याचं अर्ध्या कॉलमाचं भाषण छापलं आणि नंतर कळलं, की त्याची गाडी पाचोऱ्यालाच बंद पडली होती, तो जळगावला पोचलाच नव्हता. मी घाबरून बसलो. चार दिवसांनी त्याचं पत्र आलं, की माझे विचार आपण नेमक्या शब्दांत मांडलेत, आभारी आहे. ते पत्र मी कितीतरी दिवस खिशात घेऊन फिरलो आणि दिसेल त्याला दाखवलं. माझ्या डोक्यात हवा गेली ती तेव्हापासून.

नव्वदच्या आगेमागे एक मारधाडीचा सिनेमा जळगावच्या टॉकीजमधून उतरायचं नाव घेत नव्हता. त्याचा दिग्दर्शक आपल्याकडचा, पाचोरा तालुक्यातल्या एका खेड्यातला. मुंबईत फाइट मास्टरच्या हाताखाली उड्या मारता मारता वर चढलेला माणूस. सिनेमात सुरुवातीलाच हिरोच्या मोठ्या भावावर विहिरीवरची मोटर चोरल्याचा आळ येतो, त्याला विजेच्या खांबाला बांधतात आणि गावादेखत पट्ट्याने मारतात. मग हिरो उरलेले दोन तास एकेकाला शोधून बडवतो. आता शिट्ट्या पडायच्या तर हिरोने हात उचलल्यावर पडाव्यात. पण त्या खांबाजवळच सुरू व्हायच्या. पट्टा हवेत फिरला की पुढच्या रांगा उभ्या राहायच्या, कारण तो प्रसंग जमलाच तसा होता. पट्ट्याचा आवाज सगळ्या थिएटरभर घुमायचा. मी तो सिनेमा दोनदा पाहिला आणि दुसऱ्या खेपेला खांबाजवळ मीही शिट्टी मारली. मला शिट्टी नीट येत नाही, तरी मारली.

त्या काळात सिनेमावाला दिसला की त्याला हिंसेबद्दल विचारायचंच, असा रिवाज पडला होता. कॉलेजात वादविवाद स्पर्धा त्यावर, वाचकांच्या पत्रांत तेच. एक निवृत्त मुख्याध्यापक तर दर आठवड्याला आम्हाला लिहायचे, की सिनेमामुळे पोरं हातघाईवर येतात. दिग्दर्शकांची उत्तरंही ठरलेली होती. समाजात आहे तेच आम्ही दाखवतो, शेवटी विजय सत्याचाच होतो, आणि पडद्यावरचं रक्त म्हणजे लाल रंग. विचारणाऱ्याला उत्तर नको असायचं आणि देणाऱ्याला प्रश्न. दोघंही आपापलं पाठ म्हणून मोकळे व्हायचे.

या दिग्दर्शकाचा जळगावात सत्कार ठरला, संध्याकाळी पाचला. त्यानंतर सरकारी विश्रामगृहात मी त्यांची मुलाखत घ्यायची होती. अर्थात धुळ्याच्या पानासाठी ती मी दुपारी दोनलाच घेऊन टाकली. सहा प्रश्न, सहा उत्तरं. बालपण, मातीची ओढ, तरुणांना संदेश वगैरे पाच उत्तरं डोळे मिटून लिहिली. हिंसेच्या उत्तरावर मात्र मी मेहनत घेतली. ‘लोकांना मारामारी हवी असते, म्हणून मी ती देतो. पट्टा हवेत फिरतो तेव्हा थिएटरात ज्या शिट्ट्या पडतात त्या मी मोजतो, असे ते म्हणाले.’ हे वाक्य मला इतकं आवडलं की मी त्याचाच मथळा केला, ‘शिट्ट्या मी मोजतो!’ उद्गारचिन्हसुद्धा माझंच. तीन वाजता पान सोडलं आणि चहाला गेलो.

विश्रामगृहात गेलो तेव्हा सहा वाजून गेले होते, बाहेर अजून ऊन होतं. मारधाडीचे सिनेमे काढणारा म्हणून मी आडदांड माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता. हे तर अंगाने बारके, हळू बोलणारे, सत्कारातल्या गुलाबाच्या पाकळ्या कॉलरला चिकटलेल्या. मी कंटाळतच प्रश्न विचारत गेलो. उत्तरं छापून झालेली असताना माणूस कशाला कान टवकारेल? पाचवा प्रश्न हिंसेचा होता.

“सिनेमा पाहिलात का तुम्ही?” त्यांनी विचारलं.

“दोनदा पाहिला.”

“खांबाजवळ शिट्ट्या पडल्या?”

“पडल्या म्हणजे काय! थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी,” मी उत्साहाने म्हणालो. त्यांना बरं वाटेल असंच मला वाटलं होतं.

त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि सांगायला लागले. त्यांचा सख्खा मोठा भाऊ गावात एकाच्या शेतावर सालदार होता, वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. मोटर खोलून दुरुस्त करणारा गावात तो एकटाच. म्हणून विहिरीवरची मोटर गेली तेव्हा नाव त्याचंच आलं. सोसायटीच्या ऑफिससमोरच्या खांबाला बांधून त्याला मारलं. आठवड्याने मोटर दुसरीकडेच सापडली, पण ते सांगायला घरी कोणी आलं नाही.

“मी एकोणीस वर्षांचा होतो. लहान नव्हतो,” ते म्हणाले. “आत्ता तुम्ही बसलात ना, तेवढ्या अंतरावर उभा होतो. एक शब्द बोललो नाही.”

भाऊ आईला घेऊन धुळ्याला गेला, मोटर वायंडिंग शिकला, छोटं दुकान टाकलं. हे मुंबईला गेले. तरी दोघांत बोलणं होतं, येणंजाणं होतं. मग त्यांनी हा सिनेमा काढला. तेव्हा जे केलं नाही ते पडद्यावर तरी करू, भावाला बरं वाटेल, असं त्यांच्या मनात होतं. भाऊ आईला घेऊन धुळ्याच्या टॉकीजमध्ये गेला. खांबाचा प्रसंग आला आणि सगळं थिएटर शिट्ट्या मारायला लागलं. तो तसाच आईचा हात धरून अंधारात बाहेर पडला. त्या दिवसापासून त्याने भावाचं पत्र फोडलेलं नव्हतं. तीन वेळा हे धुळ्याला गेले, तिन्ही वेळा त्याने दार लावून घेतलं. आई त्याच्याकडेच, त्यामुळे आईचीही भेट नाही.

“हिंसेबद्दल विचारलंत ना, मग लिहा,” ते म्हणाले. “कॅमेरा कुठे ठेवला की लोक ओरडतील हे मला माहीत होतं. मी तो तिथेच ठेवला. माझ्या भावाचा मार मी लोकांना मजेने बघायला दिला. माझं चुकलं, मी त्याची माफी मागतो, असं लिहा. जसं बोलतोय तसंच लिहा.”

मी लिहून घेत होतो. असं उत्तर मी कधी ऐकलंच नव्हतं. त्यांनी आणखीही काही बारीकसारीक सांगितलं, तेही घेतलं. मग ते जरा पुढे वाकले.

“तो माझी पत्रं फोडत नाही, पण तुमचा पेपर रोज त्याच्या दुकानात येतो. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो. म्हणूनच मी हा सत्कार घेतला. धुळ्याला जातो ना तुमचा पेपर?”

“जातो,” मी म्हणालो.

या एका शब्दाचा मी पुढे फार विचार केला आहे. पेपर धुळ्याला जात होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण धुळ्याचं पान साडेतीन तासांपूर्वी सुटलंय आणि त्यात याच प्रश्नाला यांच्या तोंडी मी काय घातलंय, हे त्या क्षणी मला लख्ख माहीत होतं. ‘साहेब, एक घोळ झालाय’ एवढंच म्हणायचं होतं. त्यांच्याकडे गाडी होती. ते तडक धुळ्याला निघाले असते, सकाळी पेपर पडायच्या आत भावाच्या दारात उभे राहिले असते. पण मग त्यांना कळलं असतं, की हा समोर मान डोलवत लिहून घेणारा माणूस उत्तरं घरीच तयार करतो. मला माझी लाज झाकायची होती. एका परक्या माणसाने आपलं काळीज समोर ठेवलं आणि मी माझी अब्रू सांभाळत बसलो.

ऑफिसात जाऊन मी मुलाखत जशी ऐकली तशी लिहिली. जळगावच्या पानावर ती नीट लागली. मग संपादकांकडे गेलो आणि म्हणालो, धुळ्यालाही हीच जायला हवी, उद्याच्या पानात घेऊ का?

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “म्हणजे आज एक उत्तर आणि उद्या त्याच प्रश्नाला दुसरं? लोक विचारतील, कालचं कुणी दिलं होतं? काय सांगायचं? आमच्या वार्ताहराने जेवल्यावर सुचलं म्हणून लिहिलं?”

“खुलासा छापला तर?”

“मग आजवर छापलेल्या सगळ्या सत्कारांचे खुलासे छापत बसा.”

मी वाद घातला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं, आता दोष एकट्या माझा राहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला ते स्वतः ऑफिसात आले. हातात जळगावचा अंक, चार घड्या घातलेला. माझ्या टेबलावर धुळ्याचा अंक पडला होता, मथळा वर. मी त्यावर जेवणाचा डबा ठेवला.

“एक शब्द इकडचा तिकडे केला नाहीत तुम्ही,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा रात्रभरात बदलला होता, हलका झाला होता. “आता धुळ्यालाच निघालोय. मी पोचेपर्यंत त्याचं वाचून झालेलं असेल.”

ही दुसरी संधी होती. ऑफिसात चार माणसं आपापल्या कामात होती, वर पंखा फिरत होता, आणि ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. मी त्यांना सोडायला खाली गाडीपर्यंत गेलो. दार लावताना म्हणालो, “भाऊंना माझा नमस्कार सांगा.” असं मी म्हणालो. आज लिहितानाही कानशिलं तापतात.

ते परत आले नाहीत, पत्रही आलं नाही. मी स्वतःची समजूत घातली, की भेट झाली असेल, समोरासमोर बोलल्यावर सगळं उलगडलं असेल, पेपरचं कोण एवढं धरून बसतं. दोनेक वर्षांनी मुंबईच्या एका साप्ताहिकात त्यांची मुलाखत वाचली. नवा सिनेमा, पुन्हा मारधाड, पुन्हा तोच प्रश्न. त्याखाली त्यांचं उत्तर छापलं होतं, ‘पुढचा प्रश्न विचारा.’ तेवढंच. धुळ्यात काय झालं असेल ते मला कळलं. तरीही मी काही केलं नाही. तीनदा पत्र लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा पहिल्याच ओळीत अडलो. इतरांच्या तोंडी इतकी वाक्यं घातली, पण स्वतःच्या तोंडी एक घालता येईना.

आणखी दोन वर्षांनी माझी बदली आमच्या धुळ्याच्या कार्यालयात झाली. वायंडिंगचं ते दुकान माझ्या जायच्या-यायच्या रस्त्यावरच निघालं. सहा महिने मी समोरच्या बाजूने चाललो. मग एका उन्हाळ्यात कार्यालयाचा पंखा जळला. शिपाई म्हणाला, त्या दुकानात देतो, धुळ्यात त्याच्यासारखा कारागीर नाही. मी म्हणालो, दे इकडे, मीच नेतो. जळगावच्या त्या अंकाचं कात्रण मी जपून ठेवलं होतं, ते खिशात घातलं.

दुकान म्हणजे एक खोली. वॉर्निशचा वास, तांब्याच्या तारेची रिळं, आणि जमिनीवर बसून मोटरमध्ये तार भरणारे ते थोरले भाऊ. पन्नाशीचे असतील. डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. पंखा उघडून बघत अहिराणीत म्हणाले, “दोन दिन लागतीन, साहेब.” मी हो म्हणालो आणि तिथेच उभा राहिलो. मग कात्रण त्यांच्यासमोर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. दुपारी तीनचं पान, आगाऊ कॉपी, माझं वाक्य, आणि त्याच तारखेला जळगावात छापलेलं हे खरं. बोलताना मला वाटत होतं, हे आता उठतील आणि मला दोन ठेवून देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते शांतपणे म्हणाले, “म्हंजे ते तुमी लिखं.”

“हो.”

“आनि हाई?” त्यांनी कात्रणाकडे बोट केलं.

“हेही मीच लिहिलंय. पण हे त्यांनी सांगितलेलं आहे.”

“तठेबी ‘असे ते म्हणाले’ लिखेल व्हतं,” ते म्हणाले. “मंग मी कोनतं खरं मानू?”

त्यांनी हात पुसले, कात्रण जवळ घेतलं आणि ओळीखाली बोट धरून वाचायला लागले. मध्येच बोट थांबलं. दिग्दर्शकांनी सांगितलेल्या बारीकसारीक गोष्टींत एक होती, की भावाला खांबाला बांधताना त्याची चप्पल निसटून पडली, ती या धाकट्याने उचलली, आणि मारून होईपर्यंत छातीशी धरून उभा राहिला. ती ओळ त्यांनी पुन्हा वाचली.

“चप्पल त्याना हातमा व्हती,” ते म्हणाले. “माले दिसनी व्हती. हाई तुमले कसं माहीत ऱ्हाई? हाई त्यानीच सांगं.”

मी होकारार्थी मान डोलावली.

“तो त्या दिन उना व्हता आठे. दुकानना बाहेर उभा ऱ्हायना. त्यानी पुसं, नाना, पेपर वाचेल शे ना? मी सांगं, वाचेल शे. मान वर करी नही मी. जरासा थांबना आनि गया.” ते कात्रणाकडे बघतच बोलत होते. “म्हंजे त्याले वाटस, मी हाई वाचं. हाई वाचीसन त्याले घरमा बलावं नही.”

एवढंच त्या दोघांत बोलणं झालं होतं. एकाने खरं विचारलं, दुसऱ्याने खरं सांगितलं, आणि दोघांच्या मध्ये माझं पान होतं. पुढे त्या भावांचं काय झालं, ते मी इथे लिहिणार नाही. त्यांच्याबद्दल माझं पुरेसं लिहून झालं आहे.

मी म्हणालो, “मी त्यांना आजच पत्र टाकतो. सगळं कबूल करतो, माझ्या सहीने.”

“टाका,” ते म्हणाले. बाहेरून कोणीतरी मोटर झाली का म्हणून विचारून गेलं, त्याला त्यांनी हातानेच उद्या ये म्हणून खुणावलं.

“मागला साल माय गई,” ते म्हणाले. “दोन दिन त्यानंच नाव लेत व्हती. मी त्याले तार करी नही. माले वाटनं, त्याले काय करनं शे मायनं. तो तठे शिट्या मोजत बसेल व्हई.”

मी कसाबसा म्हणालो, “नाना, ते शिट्ट्यांचं वाक्य त्यांचं नव्हतं. माझं होतं.”

“आयकं मी,” ते म्हणाले.